तुकडा चुकला, की आपण? खुफूची बोट, वासा जहाज आणि माझी अर्धवट होडी

आजचा भाग माझ्या घरातल्या टेबलावरून सुरू होतो. तिथून आपण इजिप्तला जाऊ, मग स्वीडनला, आणि शेवटी परत टेबलावर येऊ. वाटेत दोन बोटी भेटतील. एक साडेचार हजार वर्षांपूर्वीची, दुसरी चारशे वर्षांपूर्वीची. दोन्हींच्या मागे प्रश्न एकच आहे: दोन तुकडे एकमेकांत बसत नसतील, तर चूक कोणाची?

गेल्या पावसाळ्यात मी लाकडी होडीचं एक किट मागवलं. साधी मासेमारीची होडी, तयार झाल्यावर हातभर लांब. अशा किटमध्ये काय असतं ते आधी सांगतो. लेझरनं कापलेला प्लायवूडचा एक लांब तुकडा असतो, तो होडीचा कणा. त्याला ओळीनं खाचा असतात. त्या खाचांत आडवे तुकडे बसवायचे, त्या झाल्या होडीच्या बरगड्या. मग बरगड्यांवरून लाकडाच्या पातळ पट्ट्या एकेक करून चिकटवत जायचं. पट्ट्या सलग वळल्या की होडीचं पोट तयार होतं. ऐकायला सोपं आहे.

माझ्या बॉक्सला कुरिअरमध्येच पावसाचं पाणी लागलं होतं. ड्रॉइंगमधलं बरगड्यांचं पान भिजून लगदा झालेलं. मी नेटवरून त्या पानाची पीडीएफ उतरवली, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि कामाला लागलो. पहिल्या तीन बरगड्या बसल्या. चार, पाच आणि सहा नंबरच्या मात्र ड्रॉइंगपेक्षा रुंद निघाल्या. सर्वात रुंद बरगडी ८४ मिलीमीटर, कागदावर ८१ आणि वर थोडी. किट बनवणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले, पॉलिश पेपर घेतला आणि तिन्ही बरगड्या घासून घासून कागदाबरोबर केल्या. सात नंबरच्या बरगडीची तर खाचच मधोमध नव्हती. ती मी तशीच दाबून बसवली. 

मग पहिली पट्टी लावून बघितली. तिसऱ्या बरगडीला टेकली, सातव्या बरगडीला टेकली, आणि मधे चार ते सहा सरळ हवेत! होडीच्या पोटात खळगा.

माझे बाबा चाळीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते. त्यांनी होडी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली, आणि एवढंच विचारलं, "तू हे मोजलंस कशानं?"

मला प्रश्नच कळला नाही. कशानं म्हणजे काय? पट्टीनं. त्यांना खरं काय विचारायचं होतं, ते शेवटी सांगतो. कारण तो प्रश्न नीट कळायला मला इजिप्तमधल्या एका माणसाची गोष्ट वाचावी लागली.

कॉम्प्लेक्समधली नाही, पिरॅमिडशेजारची होडी

२६ मे १९५४. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची दक्षिणेची बाजू. तिथे साठलेला दगडमातीचा ढिगारा उपसायचं काम चालू होतं. ढिगाऱ्याखाली चुनखडीच्या प्रचंड शिळा ओळीनं बसवलेल्या दिसल्या, फटी चुन्यानं घट्ट बंद केलेल्या. कमाल अल-मल्लाख नावाच्या तरुण वास्तुतज्ज्ञ-संशोधकाला वाटत होतं की खाली काहीतरी आहे. एका शिळेला भोक पाडलं गेलं. आत अंधार होता. पण त्या भोकातून लाकडाचा वास आला. हजारो वर्षं बंद राहिलेला वास.

खाली खडकात खोदलेला लांबट खड्डा होता, साधारण ३१ मीटर लांबीचा. त्यावर ४१ शिळांचं झाकण. आणि आत होती एक अख्खी बोट. फक्त ती बोटीच्या आकारात नव्हती. सगळे भाग सुटे करून, एकावर एक तेरा थरांत रचून ठेवलेले. वर चटया आणि दोरखंड. कारण सरळ आहे: बोट जोडल्यावर ४३ मीटरच्या वर भरते, आणि खड्डा ३१ मीटरचा. अख्खी बोट त्यात मावलीच नसती.

हा पिरॅमिड राजा खुफूचा. तो गेल्यावर त्याच्या मुलाच्या काळात, राजा जेदेफ्रेच्या काळात, हा खड्डा बंद केला गेला. शिळांवर जेदेफ्रेचं नाव सापडलं. म्हणजे ही राजाच्या अंत्यविधीशी जोडलेली बोट. ती प्रत्यक्ष नाईलवर चालली होती, की फक्त राजाच्या पुढच्या प्रवासासाठी ठेवली होती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आता आकडा ऐका. बाहेर निघालेले तुकडे १,२२४. सर्वात मोठा २३ मीटरचा, म्हणजे मुंबईच्या दोन बेस्ट बस एकामागे एक उभ्या केल्या तर होतील साधारण एवढा. सर्वात लहान १० सेंटीमीटरचा. लाकूड मुख्यतः लेबनॉनहून आणलेलं सीडार, आपल्या हिमालयातल्या देवदाराचं भावंड.

थोडक्यात काय, तर जगातलं सर्वात जुनं लाकडी बोटीचं किट. तुकडे सगळे आहेत. ड्रॉइंग नाही. सूचनापत्रक नाही. आणि ज्यांनी ते पॅक केलं त्यांना फोन करायची सोय नाही.

घासायचं नाही, कापायचं नाही

हे किट जोडायचं काम आलं हाज्ज अहमद युसूफ यांच्याकडे. इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यातले जुन्या वस्तू दुरुस्त करणारे जाणकार. खुफूच्या आईच्या, राणी हेतेफेरेसच्या थडग्यातलं फर्निचर पुन्हा उभं करण्याच्या कामात त्यांनी आधी हातभार लावला होता. तिथलं बरंचसं लाकूड कुजून गेलं होतं. मागे उरला होता सोन्याचा पत्रा, तोही पडल्या जागी. तो पत्रा कुठे आणि कसा पडलाय, त्यावरून खुर्ची कशी असेल ते ठरवायचं. म्हणजे वस्तूकडून माहिती काढून घ्यायची सवय त्यांना होती. पण बोट त्यांनी कधी बांधली नव्हती.

आता माझी आणि त्यांची परिस्थिती शेजारी ठेवून बघा. माझा तुकडा बसला नाही, मी पॉलिश पेपर उचलला. त्यांना ते करताच येणार नव्हतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या फळीला रंधा लावून ती शेजारच्या फळीत बसवली, तर बोट जुळेल कदाचित, पण ती खुफूची बोट राहणार नाही. शिवाय त्या फळीवरची खूण, तिची कड, तिचं भोक, सगळा पुरावा भुशाबरोबर जमिनीवर पडेल.

म्हणजे एखादा तुकडा बसला नाही तर बदलता येण्यासारखी गोष्ट एकच उरली होती. स्वतःची कल्पना.

मला या गोष्टीतली हीच जागा सर्वात मोठी वाटते. आपण काहीही जोडताना, फर्निचर असो, कोड असो, नाहीतर एखाद्या घटनेचा इतिहास असो, आपल्या डोक्यात आधीच एक चित्र असतं. तुकडा त्या चित्रात बसला नाही की आपण तुकड्याला दोष देतो. अहमद युसूफना ती सोय नव्हती.

त्यांनी घाई केली नाही. खड्ड्यातून तुकडे बाहेर काढायलाच १९५७ साल उजाडलं. कोणता तुकडा कोणत्या थरात, कुठे होता, त्याची नोंद झाली. फोटो निघाले. ड्रॉइंग झाली. मग ते आधी मॉडेल करायला बसले. दहास एक या प्रमाणात छोटे तुकडे करून ते जोडून बघायचे. खरी फळी उचलायला कितीतरी माणसं लागतात, आणि प्रत्येक उचलणीत ती मोडायची भीती. छोट्या तुकड्याला ती भीती नाही. चुकायचं ते मॉडेलवर चुका, असा हिशोब.

म्हणजे गंमत बघा. आपण खरी बोट बघून मॉडेल करतो. इथे खरी बोट कशी होती हे कळण्यासाठी मॉडेल करावं लागलं.

सोबत ते नाईलकाठच्या होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसले. लाकूड कसं वाकवतात, फळीला फळी कशी भिडवतात, हे हातांकडे बघून शिकले. त्याचा उपयोग झाला, पण एका मर्यादेपर्यंतच. कारण खुफूची बोट वेगळ्याच विचारानं बांधलेली होती.

आधी कातडी, मग हाडं

आज आपल्या डोळ्यासमोर लाकडी बोट म्हटलं की काय येतं? आधी सांगाडा. कणा, त्यावर बरगड्या, आणि मग वरून फळ्या. माझं किटही तसंच होतं. आधी हाडं, मग कातडी.

खुफूच्या बोटीत क्रम उलटा. आधी तळाच्या आणि बाजूच्या जाड फळ्या एकमेकींना कडेला कड लावून जोडल्या, बोटीचं पूर्ण कवच तयार केलं, आणि नंतर आतून बरगड्या बसवल्या. इथे आकार बरगड्या ठरवत नाहीत, फळ्याच ठरवतात. कणा म्हणावा असा तुकडाच या बोटीत नाही. तुम्ही सांगाडा शोधत बसलात तर १,२२४ तुकडे चाळूनही तो सापडणार नाही, आणि तुम्ही म्हणाल, काहीतरी गहाळ आहे.

काहीच गहाळ नव्हतं.

या बोटीच्या तुकड्यांत अशा बऱ्याच गोष्टी आहेत, ज्या पहिल्यांदा बघणाऱ्याला चूक वाटाव्यात. फळ्यांच्या कडा सरळ नाहीत. मधेच आत गेलेल्या, मधेच बाहेर आलेल्या. आजच्या सुताराला वाटेल, करवत भरकटली. पण त्या खाचा एकमेकींत अडकतात, त्यामुळे फळ्या पुढेमागे सरकत नाहीत. तो साधा कुलुपाचा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट, भोकं. फळ्यांच्या आतल्या बाजूला ओळीनं भोकं आहेत, पण ती आरपार जात नाहीत. एका जागी आत शिरतात आणि फळीच्या जाडीतच वळून परत आतल्याच बाजूला बाहेर पडतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखी. खिळा मारायला निरुपयोगी. मग कशाला? तर दोर ओवायला. ही बोट शिवलेली आहे! दोर आतल्या आत फिरतो, बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या बाजूला दिसतही नाही. पाण्यात लाकूड फुगतं, दोर आवळतो, आणि सांधे घट्ट होतात.

आणि तिसरी गोष्ट, खुणा. पुष्कळ तुकड्यांवर छोटी चिन्हं कोरलेली होती. ती सजावट नव्हती. बोटीचे चार भाग कल्पून, पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा, मागचा डावा, कोणता तुकडा कुठल्या भागातला हे सांगणाऱ्या त्या सुतारांच्या खुणा होत्या. म्हणजे सूचनापत्रक होतं. फक्त ते कागदावर नव्हतं, तुकड्यांवरच होतं. आता कल्पना करा, पहिल्याच दिवशी कोणी पॉलिश पेपर फिरवला असता तर?

अहमद युसूफ यांनी ती बोट पाच वेळा जोडली. जोडायची, बघायचं, कुठे जुळत नाही ते शोधायचं, सोडवायची, परत जोडायची. १९६८ साली ती पूर्ण उभी राहिली. सापडल्यापासून चौदा वर्षं. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात, म्हणजे तपापेक्षा जास्त. मग पिरॅमिडशेजारीच तिच्यासाठी संग्रहालय झालं, ते १९८२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये बोट अख्खीच्या अख्खी उचलून नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमकडे नेली.

या गोष्टीचा धडा काय? तुकडा कधीच चुकत नाही, आपणच चुकतो? नाही. तसं म्हणून थांबलो तर ते खोटं ठरेल. म्हणून आता स्वीडनला जाऊ.

चार पट्ट्यांचं जहाज

१० ऑगस्ट १६२८. स्टॉकहोमचं बंदर. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याचं नवंकोरं युद्धजहाज, वासा, पहिल्या प्रवासाला निघालं. ६४ तोफा, तोफांचे दोन मजले, शेकडो रंगीत कोरीव मूर्ती. काठावर लोक बघायला जमलेले. जहाज साधारण १,३०० मीटर गेलं. वाऱ्याचा झोत आला, जहाज डावीकडे कललं, तोफांसाठी उघड्या ठेवलेल्या खिडक्यांतून पाणी आत आलं, आणि वासा बंदरातच बुडालं. सुमारे तीस माणसं गेली.

मुख्य कारण आधीच सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. जहाज वरून फार जड होतं. दोन मजले तोफा, त्यांना पेलणारा जाडजूड वरचा भाग, आणि पाण्याखालचा भाग त्या मानानं अपुरा. निघण्याआधी एक चाचणीही झाली होती. तीस खलाशांना डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळवलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की अॅडमिरल क्लास फ्लेमिंगनं चाचणी थांबवली. जहाज मात्र थांबवलं नाही. राजा युद्धात होता आणि त्याला जहाज हवं होतं.

चौकशी झाली. जहाज बांधणारा मुख्य कारागीर हेन्रिक हुबर्टसन हा डच माणूस आदल्याच वर्षी वारला होता. पुढचं काम हाइन याकोब्सननं पूर्ण केलं होतं. शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही.

२४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, वासा पाण्याबाहेर आलं. बाल्टिक समुद्राच्या त्या गार, कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही, म्हणून लाकूड टिकलं. पण लोखंडी बोल्ट गंजून गेले होते. त्यांनी धरलेले भाग सुटून गाळात पडले होते. पाणबुड्यांनी गाळातून हजारो सुटे तुकडे वर आणले. म्हणजे परत एक किट! आणि वासाचंही मूळ ड्रॉइंग नाही. त्या काळातले डच कारागीर अशी जहाजं कागदावर न काढता अनुभवातल्या प्रमाणांनी बांधायचे.

पुढे अभ्यासकांनी जहाजाचं माप अगदी बारकाईनं घेतलं, तेव्हा दिसलं की जहाज दोन्ही बाजूंनी सारखं नाही. डावीकडचं लाकूड उजवीकडच्यापेक्षा जाड. इथे अहमद युसूफचा नियम लावून चाललं असतं का? "काहीतरी कारण असेल, आपल्यालाच कळत नाही"? नाही. इथे खरोखर चूक होती. आणि तिचा पुरावा जहाजातच सापडला.

जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या मिळाल्या. दोन पट्ट्या स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या. दोन पट्ट्या ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या! स्वीडिश फूट साधारण २९.७ सेंटीमीटर, ॲमस्टरडॅमचा साधारण २८.३. एका फुटामागे चौदा मिलीमीटरचा फरक. एकानं सांगितलं "दहा फूट", तर दोघांच्या दहा फुटांत चौदा सेंटीमीटर फरक पडणार. त्यात इंचही वेगवेगळे. डच कारागीर, स्वीडिश कारागीर, एकच जहाज, एकच हुकूम, आणि पट्ट्या दोन जातीच्या.

ही असमानता हे काही बुडण्याचं एकमेव कारण नव्हे. पण माझ्या डोक्यात बसली ती ती पट्टी. तो सुतार आळशी नव्हता. त्यानं मोजलं होतं. नीट, काळजीपूर्वक मोजलं होतं. शेजारच्यानंही तसंच मोजलं होतं. आपापल्या पट्टीवर दोघंही बरोबर. चूक कोणाच्याच हातात नव्हती, ती हातातल्या पट्टीत होती. आणि ती पट्टी दुसऱ्याच्या पट्टीशेजारी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नाही.

"तू हे मोजलंस कशानं?"

आता चला परत टेबलावर.

वासाच्या पट्ट्यांबद्दल वाचलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठलो, झेरॉक्सवाल्याकडची प्रिंट काढली. त्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ छापलेली होती, खाली लिहिलेलं ५० मिलीमीटर. मी त्यावर पट्टी ठेवली. साडेअठ्ठेचाळीस.

प्रिंट मारताना कागदात बसावं म्हणून मशीननं पान तीन टक्के लहान केलं होतं. बरगड्या बरोबर होत्या. किट बरोबर होतं. माझा कागद चुकीचा होता. टोकाच्या बरगड्या लहान, तिथे तीन टक्के म्हणजे एखादा मिलीमीटर, तो मला दिसलाच नाही. मधल्या रुंद बरगड्यांत अडीच मिलीमीटरचा फरक, तो दिसला. आणि मी तीन चांगल्या बरगड्या घासून बिघडवल्या. किट बनवणाऱ्याला शिव्या घालत.

बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "आमच्या टूलरूममध्ये नवीन पोराला पहिला महिना हेच शिकवायचो. आधी पट्टी बघ. मग कागद बघ. मग आपला हात बघ. आणि सगळ्यात शेवटी तुकड्यावर आळ घे."

मी म्हटलं, "पण बाबा, सात नंबरचं काय? ती खाच तर खरंच मधोमध नाहीये."

"मग तपास ना. कागदावर ठेव आणि पेन्सिल फिरव."

पद्धत अशी. बरगडी कोऱ्या कागदावर ठेवायची, कडेनं पेन्सिल फिरवून आकार काढायचा. मग तीच बरगडी उलटी करून त्याच आकारावर ठेवायची. डावी-उजवी बाजू सारखी असेल, तर खाच खाचेवर येते. माझी खाच एक मिलीमीटर बाजूला आली. इथे पट्टी लागली नाही, ड्रॉइंगही लागलं नाही. बरगडीनंच स्वतःविरुद्ध साक्ष दिली. म्हणजे सात नंबर खरोखर चुकीची कापली गेली होती. वासासारखी.

मग दुरुस्ती. सात नंबरच्या खाचेत एका बाजूला पातळ ढलपी चिकटवली आणि दुसरी बाजू कानशीनं तेवढीच घासली. खाच मधे आली. चार, पाच, सहा नंबरच्या कडांना मी घासून घालवलेलं लाकूड परत द्यायचं होतं. दोन्ही बाजूंना पातळ पट्टी चिकटवली, सुकू दिली. आता किती घासायचं? यावेळी कागद बघून नाही. एक लवचीक लांब पट्टी सगळ्या बरगड्यांवरून वाकवून धरायची. जिथे ती उचलली जाते तिथे थोडं घासायचं, जिथे हवेत राहते तिथे भर घालायची. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे टेकली की झालं. आणि गोंद लावायच्या आधी सगळं कोरडं जोडून बघायचं. अहमद युसूफनी पाच वेळा जोडली, आपल्याला एकदा जोडून बघायला काय हरकत आहे?

होडी अजून पूर्ण नाही. पण आता तिच्या पोटात खळगा नाही.

जाता जाता

शिवलेल्या बोटी ही फक्त इजिप्तची गोष्ट नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोरानं शिवलेल्या बोटी शेकडो वर्षं चालत होत्या. अलीकडे त्यातलीच एक परत बांधली गेली, गोव्यात. पाचव्या शतकातल्या, अजिंठ्याच्या एका चित्रातल्या जहाजावरून. बाबू शंकरन यांच्या हाताखाली केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरानं फळ्या शिवल्या. मूळ ड्रॉइंग अर्थातच नव्हतं, होतं ते फक्त भिंतीवरचं चित्र. मग आयआयटी मद्रासमध्ये छोट्या मॉडेलवर चाचण्या झाल्या. चुकायचं ते मॉडेलवर चुका, तोच हिशोब. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते जहाज नौदलात दाखल झालं, नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

आणि गिझाला पिरॅमिडशेजारी खुफूच्या बोटीचा दुसरा खड्डाही आहे. त्यातली बोट पहिलीपेक्षा जास्त मोडकळलेली. जपानी आणि इजिप्शियन तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं खपून तिचे तुकडे बाहेर काढले, आणि आता ती ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये लोकांसमोर जोडली जाते आहे. त्या लोकांकडे पॉलिश पेपर नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी काही बसलं नाही, तर घासायच्या आधी एकदा स्वतःला विचारा: मी हे मोजलं कशानं? आणि तुमच्या घरीही असं काही अर्धवट जोडलेलं पडलं असेल, तर या वीकेंडला ते बाहेर काढा. काय चुकलं होतं आणि कोणाचं चुकलं होतं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.